जुन्या व्हॅनमधील गळती कशी शोधावी व कशी थांबवावी ?

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे खेडोपाडी बियाणे व खते यांची ने-आण एकदम वाढते. ही ने-आण पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याच्या किंवा शेतकरी गटाच्या मालकीच्या जुन्या बंद व्हॅनमधून होते. १९८४ साली 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आलेली ओम्नी आजही अनेक गावांत याच कामी आहे. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच म्हटली पाहिजे. अशा गाडीच्या इंजिनाकडे मालकाचे लक्ष असते, टायरही वेळेवर बदलले जातात. परंतु पत्र्याचे सांधे, काचांभोवतीची रबरे आणि दारांच्या रबरी पट्ट्या यांचे वय कोणी मोजत नाही. पावसात गाडी आतून ओली निघाली तर चालक पायाखाली एक रिकामे पोते टाकतो आणि काम पुढे चालू ठेवतो.

या पोत्याने पाय कोरडे राहतात, माल राहत नाही. सोयाबीनचे प्रमाणित बियाणे साध्या गोणीत भरताना त्यातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये आणि त्याची उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी असू नये, असे प्रमाणीकरणाचे मानक आहे. कांद्याच्या बियाण्यासाठी साध्या वेष्टनात ही ओलाव्याची मर्यादा ८ टक्के आहे. बियाण्यातील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने वाढला, तर बियाण्याचे साठवणीतील आयुष्य साधारणपणे निम्मे होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असल्यामुळे तो पाणी लवकर शोषतो, फुगतो आणि पुन्हा वाळला तरी पूर्वीसारखा राहत नाही. गोणीचा तळ रात्रभर ओल्या पत्र्यावर राहिला, तर वरून गोणी कोरडी दिसते, शिक्काही शाबूत असतो आणि पेरणीनंतर आठ दिवसांनी तासात खाडे दिसू लागतात. मग दोष बियाण्याला दिला जातो. या दोषारोपात काही वेळा तथ्य असते. परंतु ज्या गाडीतून बियाणे आले तिच्या तळाकडे कोणी पाहिलेले नसते, हेही तितकेच खरे.

ही ओल पावसाचीच आहे काय ?

गळतीचा शोध घेण्यापूर्वी आतील पाणी पावसाचेच आहे याची खात्री करून घ्यावी. ताजा भाजीपाला श्वसन करतो. त्यातून उष्णता व वाफ बाहेर पडते. रात्रीच्या प्रवासात छताचा पत्रा थंड होतो आणि आतील वाफेचे थेंब त्याच्या खालच्या बाजूस जमतात. मेथी, कोथिंबीर किंवा टोमॅटो भरलेली बंद गाडी पहाटे बाजारात उघडली की छतावरून थेंब गळताना दिसतात. ही गळती नव्हे, गाडीचा घाम होय. पाऊस नसलेल्या रात्री जर असे थेंब दिसले तर उपाय सांधे बुजविण्याचा नसून वारा खेळता ठेवण्याचा आहे.

दुसरे कारण खताचे. युरियाची गोणी फुटून दाणे तळाच्या मॅटखाली गेले असतील तर हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० ते ७५ टक्क्यांच्या वर जाताच ते हवेतूनच ओलावा ओढू लागतात. पावसाळी हवेत ही आर्द्रता सहज गाठली जाते. तेव्हा गाडीवर एक थेंब न पडताही मॅटखाली चिकट ओल सापडते. ती जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळविल्यावर ओल परत आली नाही, तर गळती नव्हती असे समजावे. खताचे क्षार पत्रा झपाट्याने खातात, म्हणून ही धुलाई तशीही आवश्यकच आहे. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातील क्लोराइड याबाबत विशेष घातक असते.

तिसरे, ओल रंगीत, बुळबुळीत असेल तर ते इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरचे पाणी असू शकते. ज्या गाड्यांचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते त्यांत हे पाणी चालकाच्या जवळच झिरपते. मात्र पेडलांच्या पाशी, पुढच्या पत्र्यावरून तेलकट ओघळ उतरत असेल तर तो ब्रेक किंवा क्लचचे तेल गळत असल्याचा संशय धरावा. अशी गाडी मिस्त्रीने पाहीपर्यंत हलवू नये. पावसाच्या गळतीने माल खराब होतो. ब्रेकचे तेल गेल्यास घाटात काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

पाणी शिरते एकीकडे, दिसते दुसरीकडे

गळतीच्या शोधात जी फसगत होते तिचे मूळ एकाच समजुतीत आहे. जेथे ओल दिसते तेथेच भोक असले पाहिजे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः व्हॅनची काया दुहेरी पत्र्याची असते. बाहेरचा पत्रा व आतला सांगाडा यांमध्ये पोकळ कमानी, खांब आणि नळ्यांसारख्या वाटा असतात. टपाच्या कडेला शिरलेले पाणी छताच्या कमानीतून पुढे जाते, काचेजवळच्या खांबातून खाली उतरते आणि चालकाच्या पायाशी बाहेर पडते. चालकाला वाटते, समोरची काच गळते. तो गॅरेजमध्ये जाऊन काचेभोवती सिलिकॉन लावून घेतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा त्याच ठिकाणी येते, कारण काच कधी गळतच नव्हती.

दुसरी गोष्ट केशाकर्षणाची. जमिनीच्या खालच्या थरातील ओलावा ज्या शक्तीने वर चढतो तीच शक्ती एकमेकांवर चढविलेल्या दोन पत्र्यांमधील बारीक फटीतही काम करते. त्यामुळे पाणी उतार सोडून आडवे जाते, काही वेळा चढावरही जाते. केसाएवढी चीर रात्रभराच्या रिमझिमीत वाटीभर पाणी आत ओढू शकते, तर तीच चीर अर्ध्या तासाच्या मुसळधार सरीत फारशी गळत नाही. 'मोठ्या पावसात गळत नाही, म्हणजे गाडी ठीक आहे' हा समज म्हणून चुकीचा आहे.

गाडी कशी उभी होती, यावरही पाण्याची जागा ठरते. नाशिककडून मुंबईस जाणारी गाडी कसारा घाट उतरताना पुढे झुकलेली असते. तळावरचे पाणी तेव्हा चालकाकडे धावते. परतीच्या वाटेवर घाट चढताना तेच पाणी मागच्या दारापाशी जमते. जाताना एक गळती आणि येताना दुसरी, असे वाटते. प्रत्यक्षात वाट एकच असू शकते. म्हणून ओल कोठे आहे एवढेच न पाहता, गाडी उभी असताना शिरली की चालत असताना, आणि उभी असल्यास तोंड चढाकडे होते की उताराकडे, हेही टिपून ठेवावे. फक्त चालत्या गाडीतच ओल येत असेल तर टपाकडे न पाहता खाली पाहावे. चाकांनी उडविलेले पाणी चाकाच्या कमानीतील गंजलेल्या सांध्यातून, किंवा तळाच्या भोकांना बसविलेली रबरी बुचे निघून गेली असल्यास तेथून, आत येते.

तपासणीची रीत

तपासणी पावसाळ्यापूर्वी, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास करणे सोयीचे असते. त्या वेळी गाडी पूर्ण वाळलेली असते आणि दुरुस्तीनंतर लावलेला रंग व सीलंट वाळण्यास उन्हाचे दिवसही हाती असतात. काम सकाळी करावे. मे महिन्याच्या दुपारी बंद गाडीत माणसाला बसविणे धोक्याचे आहे.

प्रथम गाडी आतून उघडी करावी. मॅट, रेक्झिन, तळावर ठोकलेली फळी, दारांची आतील पुठ्ठ्याची अस्तरे आणि छताचे अस्तर काढता येईल तेवढे काढावे. पुष्कळदा येथेच निम्मा शोध लागतो. गंजाचे तांबूस ओघळ, वाळलेल्या चिखलाच्या रेषा, क्षाराच्या पांढऱ्या कडा ही सर्व पाण्याने स्वतःच काढून ठेवलेली वाट असते. ती खालून वर, उलट दिशेने पाहत जावे. नंतर एका माणसाने आत बसून सर्व दारे लावून घ्यावीत आणि दुसऱ्याने बाहेरून सांध्यांवरून विजेरी फिरवावी. अंधाऱ्या जागेत हे केल्यास दारांच्या पट्ट्यांतील मोठ्या फटी लगेच दिसतात. बारीक चिरा मात्र उजेडाने सापडत नाहीत. त्यांना पाणीच लागते.

दारांच्या रबरी पट्टीसाठी खडूची परीक्षा चांगली. पट्टीवर सर्वत्र खडू घासावा, दार नेहमीप्रमाणे लावावे व उघडावे. चौकटीवर खडूची रेघ अखंड उमटली तर पट्टी सर्वत्र टेकते. जेथे रेघ तुटली तेथे पट्टी दबलेली आहे किंवा दार नीट बसत नाही. कागदाचा कपटा दारात धरून ओढून पाहणे ही याचीच दुसरी रीत आहे. कपटा अडखळत निघाला पाहिजे.

आता पाण्याची तपासणी. तिचा मुख्य नियम असा की पाणी खालून वर न्यावे. वरून सुरुवात केली तर टपावर सोडलेले पाणी काच, दार, बिजागऱ्या या सर्वांवरून ओघळत खाली येते आणि आत थेंब दिसल्यावर तो कोणत्या वाटेने आला हे सांगता येत नाही. यास्तव प्रथम चाकांच्या कमानी व तळाचे सांधे, मग दारांचा खालचा भाग, मग बिजागऱ्या व मागचे दिवे, त्यानंतर काचांची खालची कड, बाजू, वरची कड आणि सर्वांत शेवटी टपाच्या कडेची पन्हळ व टप, असा क्रम धरावा. प्रत्येक जागेवर किमान पाच मिनिटे पाणी सोडावे. पाच मिनिटे हा वेळ उभ्या माणसाला कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक तपासण्या येथेच फसतात. दुहेरी पत्र्यातून पाणी खाली उतरण्यास वेळ लागतो हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचा दाब पावसाइतकाच असावा. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा मारू नये. गाड्या धुण्याचे दाबाचे यंत्र तर वापरूच नये. चांगली पट्टीही त्या माऱ्याने गळते आणि नसलेला दोष सापडतो. नळाची सोय नसल्यास पाठीवरचा फवारणी पंप चालतो, परंतु ज्या पंपाने तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले आहे तो घेऊ नये. ज्या गाडीतून धान्य, भाजी व बियाणे जावयाचे त्या गाडीच्या सांध्यांत विषारी अंश सोडणे बरे नव्हे. फ्यूजची पेटी, बॅटरी व इंजिनाची हवा ओढणारी नळी यांवर थेट पाणी मारू नये.

आतल्या माणसाजवळ विजेरी, खडू आणि खडूची पूड असावी. संशयित सांध्यांच्या खाली ही पूड हलक्या हाताने भुरभुरावी. कोरड्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचा पहिला थेंबही काळसर रेघ सोडून जातो, आणि ती रेघ वर कोठे सुरू होते ते पाहिले म्हणजे पुरे. जागा सापडताच बाहेरून खडूने खूण करावी व ती जागा चिकटपट्टीने तात्पुरती बंद करून तपासणी पुढे चालू ठेवावी. पहिली गळती सापडताच आनंदाने नळी गुंडाळून ठेवणे ही नेहमीची चूक आहे. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत दोन-तीन वाटा असणे साहजिक आहे.

दाराच्या पोटातील पाणी

येथे एका गोष्टीचा खुलासा आवश्यक आहे. खाली-वर होणाऱ्या काचेच्या दारात काचेलगतच्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात उतरणारच. गाडी तशीच बनविलेली असते. हे पाणी दाराच्या तळाशी ठेवलेल्या लहान भोकांतून बाहेर पडावे, अशी योजना आहे. तेव्हा दारात पाणी जाणे हा दोष नव्हे. ते बाहेर न पडणे हा दोष होय. भुसा, धूळ, कांद्याची टरफले व चिखल यांनी ही भोके बुजतात, दार आतून हौदासारखे भरते आणि पाणी उंबऱ्यावरून गाडीत सांडते. दार उघड-बंद करताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर निदान झालेच.

ही भोके खराट्याच्या काडीने किंवा मऊ तारेने मोकळी करावीत. लोखंडी सळई खुपसू नये. रंग खरवडला जातो आणि गंजास तेथून सुरुवात होते. काही ठिकाणी धूळ आत येऊ नये म्हणून ही भोके चिकटपट्टीने किंवा लांबीने मुद्दाम बंद केलेली आढळतात. ती ताबडतोब उघडावीत. दाराच्या अस्तरामागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. तो दाराच्या पोटातील पाणी आत उडू देत नाही. अस्तर काढताना तो फाटला व फेकून दिला गेला असेल तर जाड प्लॅस्टिकचा नवा पडदा कापून चिकटवावा; खालची कड मात्र दाराच्या पोटात वळवावी, म्हणजे पाणी पुन्हा दारातच पडेल.

अशीच दुसरी जागा समोरच्या काचेखाली, वायपरांच्या बुडाशी जाळीखाली असते, जेथे बनावटीत अशी पेटी ठेवलेली असेल तेथे. गाडी चिंचेच्या किंवा कडुलिंबाच्या झाडाखाली उभी राहत असेल तर या पेटीत पाला कुजून गाळ होतो व निचऱ्याची वाट बंद होते. मग पाणी हवा आत येण्याच्या मार्गाने चालकाच्या पायावर उतरते. सरकत्या दाराची खालची पट्टीही याच दृष्टीने साफ करावी. निचऱ्याच्या या सर्व वाटा आधी मोकळ्या कराव्यात. यास एक पैसाही लागत नाही, आणि त्यानंतर गळती उरली तरच सीलंटच्या नळीला हात घालावा.

दुरुस्ती

दुरुस्तीत पहिला नियम हा की पाणी बाहेरच अडविले पाहिजे. आतल्या बाजूने लेप देऊन गळती थांबल्यासारखी वाटते. परंतु पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये तुंबते आणि पत्रा आतून कुजतो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर बोट लावताच तेथे भोक पडते.

दुसरा नियम सीलंटच्या निवडीचा. बाजारात सहज मिळणारे आणि लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नये. त्यातून निघणारे आम्ल लोखंडास गंज चढविते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि एकदा लावलेल्या जागी पुढे चांगले सीलंटही नीट चिकटत नाही. दोन भाग मळून लावावयाची एपॉक्सी लांबी कडक होते; खडबडीत रस्त्यावर पत्रा हलला की तिच्या कडेने चीर पडते. पत्र्याच्या सांध्यांसाठी वाळल्यावरही लवचीक राहणारे, वर रंग देता येईल असे पॉलियुरेथेनचे सांधे-सीलंट मागून घ्यावे. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ते मिळते.

टपाच्या कडेची पन्हळ ही जुन्या व्हॅनमधील अतिशय दुर्लक्षित जागा. तिच्यात कारखान्यात भरलेला सांधा-लेप उन्हाने सुकून तडकतो. तडा रंगाखाली असल्याने दिसत नाही. पन्हळीतील माती काढून बोथट पटाशीने सुटलेला लेप खरवडावा, तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने गंज घासून पत्रा चकचकीत करावा, धूळ पुसून गंजरोधक प्रायमर द्यावा, तो वाळल्यावर सीलंटचा पातळ सलग थर बोटाने दाबून बसवावा आणि शेवटी रंग द्यावा. लेप जाड झाला तर पन्हळच भरून जाते व पाणी काठावरून आत वळते. पन्हळीचे पुढचे व मागचे तोंड उघडे राहिले पाहिजे.

टपावर कॅरिअर बसविलेले असेल तर त्याच्या बोल्टांकडे आवर्जून पाहावे. वर गोण्या लादल्या की कॅरिअरचे पाय हलतात आणि बोल्टाची भोके रुंदावतात. प्रत्येक बोल्ट काढून भोकाची कड घासावी, प्रायमर लावावा, वरून ब्यूटाइलची चिकट पट्टी किंवा सीलंट, त्यावर रबरी वायसर व त्यावर रुंद लोखंडी वायसर बसवून बोल्ट आवळावा. जुन्या ट्यूबमधून कापलेले रबर या कामी वेळेपुरते चालते. बोल्ट इतका आवळू नये की टपाच्या पत्र्याला खळगा पडेल. त्या खळग्यात पाणी साचते आणि गळतीला कायमचे भांडवल मिळते.

जुन्या व्हॅनची समोरची काच बहुधा रबराच्या चौकटीत बसविलेली असते. रबर उन्हाने आकसते, कोपऱ्यांत मागे सरते. रबर अजून मऊ असेल तर लाकडी चपट्या काडीने त्याची ओठासारखी कड उचलून काच व रबर आणि रबर व पत्रा या दोन्ही फटींत काचेसाठीचे न सुकणारे सीलंट भरता येते. रबर कडक झाले असल्यास अथवा खालच्या कोपऱ्यांत रंग फुगलेला दिसत असल्यास हा खर्च वाया जातो. तेथे रबराखालचा पत्रा गंजलेला असतो. काच काढून, कड घासून किंवा पत्र्याचा तुकडा जोडून, नवे रबर बसविणे हाच मार्ग. हे काम काच बसविणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. अलीकडच्या गाड्यांत काच थेट चिकटविलेली असते. तीही घरी उचकटू नये.

मागच्या दाराबाबत पट्टी बदलण्याची घाई करू नये. प्रथम दार हाताने वर उचलून पाहावे. दार खडखडले तर बिजागरी झिजली आहे आणि नवी पट्टीही दार लोंबल्यामुळे नीट दबणार नाही. बिजागरी व कुलपाची कडी ठीक केल्यावर जुनीच पट्टी पुष्कळदा काम देते. नवी पट्टी घालावयाची झाल्यास तिचा जोड दाराच्या खालच्या कडेस आणावा. वरच्या कडेवर आणू नये. मागच्या दिव्यांची रबरी गादी आणि नंबरपाटीच्या दिव्याची तार जेथून जाते ते रबरी बूच या दोन स्वस्त वस्तू त्याच वेळी बदलून घ्याव्यात.

पत्रा आरपार कुजला असेल तेथे कोणतेही सीलंट उपयोगी नाही. कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि इंधनाची टाकी व नळ्या कोठे आहेत हे कारागिरास दाखवावे. गाडी गॅसवर चालणारी असल्यास याबाबत अधिकच सावध राहावे. आसनाचे व पट्ट्याचे बोल्ट जेथे तळात बसतात तेथील गंज माणसाच्या जिवाशी निगडित आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

दुरुस्ती होईपर्यंत

पेरणी तोंडावर आली आणि गाडीचे काम झालेले नाही, अशी वेळ येतेच. अशा वेळी तळावर लाकडी पट्ट्या आडव्या टाकून गोण्या दोन इंच तरी उंच ठेवाव्यात आणि बाजूच्या पत्र्यापासून चार बोटे दूर रचाव्यात. वरून ताडपत्री टाकावी. तथापि ताजा भाजीपाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, तो स्वतःच्याच वाफेने सडतो. भिजलेल्या कांद्यावर काळी बुरशी लवकर चढते, तेव्हा ओली गोणी वेगळी काढून पसरावी. बेदाणा, हळद यांसारखा वाळवलेला माल गळक्या गाडीतून पाठवूच नये.

धान्यास धुरी देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. बंद व्हॅनमध्ये चालक आणि माल एकाच हवेत असतात. अशा गाडीतून या गोळ्या, मग डबा बंद असो वा उघडा, नेऊ नयेत. गळक्या गाडीतून तर हा विचारही मनात आणू नये. इतर कीटकनाशकेही बियाण्याच्या वा खाद्यमालाच्या सोबत ठेवू नयेत.

बियाण्याची गोणी ओल्या तळावर राहिल्याचा संशय असेल तर पेरणीपूर्वी उगवण तपासावी. गोणीच्या तळाकडील भागातून सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ओलसर ठेवावी आणि सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर नेहमीच्या प्रमाणाने पेरणी करण्यास हरकत नाही. त्याहून कमी उगवले तर किती जादा बियाणे लागेल किंवा ते बियाणे बाजूस ठेवावे, हे गावपातळीवरील कृषी कार्यकर्त्याने शेतकऱ्याबरोबर बसून ठरवावे. दुबार पेरणीचा खर्च पाहता हे आठ दिवस महाग नाहीत. बियाण्याचे खूणपत्र व पावती मात्र जपून ठेवावी. दोष खरोखरच बियाण्याचा निघाला तर तक्रारीस तीच लागते.

दुरुस्तीनंतर सीलंट वाळण्यास वेष्टनावर दिलेला वेळ द्यावा आणि मग त्याच क्रमाने, खालून वर, पुन्हा पाणी सोडून पाहावे. त्यातही गाडी कोरडी राहिली तरी मॅट व रेक्झिन लगेच चिकटवू नयेत. पावसाची दोन नक्षत्रे तळ उघडा राहू द्यावा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्यावरून कोरडा हात फिरवावा. हाताला ओल लागली नाही तर मॅट नुसती अंथरावी, म्हणजे पुढच्या वर्षी रोहिणीत ती उचलून पाहता येईल.